पाटलांच्या छातीवरची गाठ

बजरीगर पक्ष्याच्या अंगाला एक वास असतो. तो पिंजऱ्याजवळ उभे राहून येत नाही. पक्षी मुठीत घेऊन, तपासून, परत सोडून दिल्यावर आपलाच तळहात नाकाशी नेला की येतो. उन्हात पसरलेल्या राळ्याच्या बारीक दाण्यांचा, कोऱ्या गोणपाटाचा आणि त्यामागे, अगदी पुसट, तान्ह्या बाळाच्या मानेवरल्या पावडरीचा. निवृत्तीनंतर ज्या थोड्या गोष्टी मला नव्याने आवडू लागल्या, त्यांत हा वास फार वर आहे.

त्याआधीची तीस वर्षे माझ्या हातांना निराळे वास होते. लातूर जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माझी नोकरी झाली. शेण, फिनेल, व्यायलेल्या म्हशीची ओली वार, पावसात भिजून आलेली शेळी. खांद्यापर्यंत हात घालून आडवे आलेले रेडकू वळवणे हे माझे काम होते आणि ते मला चांगले येत असे. ‘बाईमाणूस काय करणार’ असे एकमेकांच्या कानात म्हणणारी माणसे रेडकू बाहेर आले की मुकाट्याने माझ्यासाठी गरम पाण्याची बादली भरून आणत. त्यांनी तोंडाने कधी कौतुक केले नाही. बादलीतले पाणी मात्र नेहमी हाताला सोसेल इतकेच ऊन असे.

नोकरी संपल्यावर नांदेडला, मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. समोरच्या गोदामातून दिवसभर हळदीचा वास येत राहतो. दुपारी तो इतका दाट होतो की खिडकीतून येणारे ऊनसुद्धा पिवळे वाटते. कुत्री-मांजरे येतील अशी माझी समजूत होती. ती आलीच, पण त्यांच्याहून जास्त पिंजरे आले. हळूहळू मी पक्ष्यांची डॉक्टर झाले. पुस्तके पुन्हा उघडली. ज्या हातांनी म्हशी पाडल्या त्यांना चाळीस ग्रॅमचा जीव धरायला शिकवले. पक्ष्याची मान दोन बोटांच्या बेचक्यात धरायची आणि छाती मोकळी ठेवायची. पक्ष्याच्या शरीरात आपल्यासारखे श्वासपटल नसते. छाती हलली तरच श्वास चालतो. घट्ट धरला तर तो हातातच गुदमरतो, आणि धरणाऱ्याला वाटते, शांत झाला.

माझे वडील मराठीचे मास्तर होते. घरी दुपारच्या वेळी वृत्ते पाठ होत असत, त्यामुळे कोणताही ठेका ऐकला की मात्रा मोजायची मला सवय आहे. म्हशीचे हृदय विलंबित चालते, सहज मोजता येते. बजरीगराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा प्रथमच मोजणे सुटले. तिथे ठोका ऐकूच येत नाही. नुसती एक गुणगुण असते, लांबच्या विहिरीवर मोटार चालू असावी तशी.

बाजारात या पक्ष्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा. पण नाव चिकटले ते चिकटले. बजरीगराचा मूळ मुलूख कोरड्या गवताचा. थव्याने मैलोन्‌मैल उडायचे आणि जिथे गवताला बी धरले असेल तिथे उतरायचे, असे त्याचे आयुष्य. आपल्याकडे त्याला हातभर लांबीचा पिंजरा मिळतो आणि समोर सदा भरलेली वाटी. उडणे संपते, खाणे चालू राहते. मग चरबी साठते आणि कधी कधी छातीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली तिची गाठ होते. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. पण वाढत गेली तर पक्ष्याला उडता येत नाही, बसता येत नाही, आणि दांडीला घासून घासून ती फुटते.

हे मी रोज कोणाला ना कोणाला समजावते. मुदखेडहून रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ पॅसेंजरने आले होते. मांडीवर भोके पाडलेला जेवणाचा डबा. ‘बाई, डब्यात पोळी न्हाई, पक्षी हाय,’ असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. गाठ पाहिली, खाण्याबद्दल सांगू लागले, तर म्हणाले, ‘ते पथ्यपाणी ऱ्हाऊ द्या. बारीक व्हायची एखादी सुई मारा की.’ मी म्हटले, ‘तशी सुई असती तर आधी मीच घेतली असती.’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळले आणि गंभीरपणे म्हणाले, ‘हां. ते बी खरंच हाय.’

एक बाई पक्ष्याला रोज काजू देत. का, असे विचारल्यावर मलाच उलट विचारले, ‘घरात सगळ्यांना मिळतात, याला एकट्याला कसं वगळायचं?’ आमच्या भागात वाढताना हात आखडणे हा दोष मानतात. पाहुणा नको नको म्हणत असतानाच त्याच्या पानात पडले पाहिजे. पिंजऱ्यातला पाहुणा तर नकोही म्हणत नाही.

गयाबाई आणि वैशाली ही सासू-सून थंडीच्या दिवसांत आली. वैशाली इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बोलणे नेमके, पर्समध्ये पेन दोन. गयाबाई सत्तरीच्या, नऊवारीतल्या. गाव शिरूर अनंतपाळजवळ. जमीन बटईने लावून चार वर्षांपासून त्या मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. पिंजऱ्यात पिवळ्या डोक्याचा, हिरव्या पोटाचा नर.

‘नाव काय याचं?’ मी कार्डावर लिहायला विचारले.

‘पाटील,’ वैशाली म्हणाली आणि किंचित लाजली. ‘आत्याबाईंनी ठेवलंय.’ सासूला आत्याबाई म्हणायची रीत अजून काही घरांत आहे.

‘छाती काढून चालतंय न्हवं,’ गयाबाई म्हणाल्या. ‘गावात कुणी आसं चालाय लागलं की समजायचं, ह्याला कुणी तरी रामराम घालावं वाटून राहिलंय.’

मी पक्षी हातात घेतला. ओल्या कापसाने छातीवरची पिसे बाजूला केली. खाली पिवळसर, मऊ, भिजलेल्या हरभऱ्याएवढी गाठ. चार महिने घरातले सगळे जिला रुबाब समजत होते ती ही. बारीक सुईने थोडा अंश काढून काचेवर घेतला. काचेवर तो वाळेना. तेलाच्या थेंबासारखा चमकत राहिला.

‘कॅन्सर नाही ना, मॅडम?’

‘नाही. चरबी आहे.’

‘मग काढून टाका.’

‘बावन्न ग्रॅम वजन आहे याचं. चाळीसच्या आत-बाहेर हवं. एवढ्या चरबीवर भूल दिली तर उठेलच असं नाही. खाण्यानं आली आहे; खाण्यानंच उतरवू. सगळी नाही गेली तरी बरीच जाईल.’

बोलता बोलता चोच तपासायला पक्षी जवळ घेतला आणि थबकले. राळ्यांच्या कोरड्या वासाबरोबर आणखी एक वास होता. तेलघाण्यावर पेंड निघत असताना येतो तो. किंचित कडवट, ऊबदार. लातूर जिल्ह्यात तीस वर्षे राहिलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही.

‘घरी याला करडई कोण देतं?’

‘करडई?’ वैशाली म्हणाली. ‘नाही हो मॅडम. दुकानातलं मिश्रण देते मी. मोजून.’

वैशालीने सासूकडे पाहिले. मग गयाबाई म्हणाल्या, ‘म्या देते. चार दाणे. घरच्या रानातली हाय, इकतची न्हाई.’

करडईचा दाणा म्हणजे तेलाची कुपी. ‘चार दाणे’ म्हणता म्हणता दहा-पंधरा होतात, आणि एवढ्याशा पक्ष्याला रोज तेवढे म्हणजे आपल्याला रोज तळणीचे ताट. मी हे सांगितले. गयाबाईंनी ऐकून घेतले. त्यांच्या बाजूने हा हिशोब कसा दिसत असेल, याचा विचार मी पुष्कळ नंतर केला. गावी त्यांच्या हाताने गडीमाणसे जेवत होती, बैल, कोंबड्या, आला-गेला जेवत होता. तिसऱ्या मजल्यावर त्या हाताला काम उरले नव्हते. स्वयंपाकघर सुनेचे, फ्रिज सुनेचा. मुलाच्या ताटात भाजी वाढायला गेले की तो तळहात आडवा धरून ‘बास, बास’ म्हणणार. पाटील तेवढे कधी बास म्हणाले नाहीत.

मी कागदावर सूचना लिहून दिल्या. करडई आणि सूर्यफूल बंद. राळे रोज एक लहान चमचा. शिवाय मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मोड आलेली बाजरी. दिवसातून दोनदा पंखा बंद करून, खिडक्या लावून, खोलीत मोकळे सोडायचे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आणि शेवटी एक सूचना ठळक अक्षरांत: वाटी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरायची नाही. भरल्या वाटीत आणखी ओतण्याची सगळ्यांची सवय मोडावी म्हणून ती घातली होती. मला ती फार शहाणपणाची वाटत असे.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. वजन चोपन्न.

‘मॅडम, मी एक दाणा जास्त टाकला नाही,’ वैशाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. ‘उलट वाटी भरलेलीच असते बहुतेक. तरी वाढतंय कसं?’

या वाक्यात जे ऐकायला हवे होते ते मला ऐकू आले नाही. माझे लक्ष गयाबाईंच्या कमरेकडे गेले होते. नऊवारीच्या कनवटीला एक लहानशी गाठ मारलेली दिसत होती.

‘मावशी, कनवटीला काय आहे?’

‘तंबाखू.’

‘दाखवा.’

त्यांनी सावकाश गाठ सोडली. स्टीलच्या टेबलावर दाणे पडले; पांढरे, टणक, पत्र्यावर गारा पडाव्या तसे. वैशालीने मान दुसरीकडे वळवली. माझा आवाज चढला. सरकारी दवाखान्यात तो माझ्या कामी यायचा. चार पुरुष जनावराभोवती कोंडाळे करून उभे असले की त्या आवाजाशिवाय कोणी हलत नसे. निवृत्त होताना तो तिथेच ठेवून यायला हवा होता.

‘हा पक्षी मेला तर तुमच्या हातानं मरेल,’ मी म्हणाले. ‘आजपासून याला हात लावायचा नाही. पिंजऱ्याला नाही, वाटीला नाही, कशालाच नाही. वैशाली बघेल सगळं.’

आणि तळहाताच्या कडेने ते दाणे मी टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात लोटले. रानात राबलेल्या बाईसमोर घरचे धान्य कचऱ्यात टाकणे. सगळी नोकरी मी शेतकऱ्यांत काढली. असे पूर्वी कधी केले नव्हते. गयाबाईंनी डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही.

‘बरं,’ त्या म्हणाल्या.

पुढच्या सकाळपासून वैशाली मोबाइलवर वजन कळवू लागली. दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास. त्या दिवशी मी लातूरला भाचीच्या साखरपुड्यात होते. मांडवात अत्तर आणि जिलेबीच्या पाकाचा वास एकमेकांत मिसळला होता, कोणीतरी माझ्या हातात ताट देत होते, आणि मी दुसऱ्या हाताने फोनवर तो आकडा पाहिला. माझे निदान बरोबर ठरल्याचे समाधान वाटले. करडई थांबताच वजन उतरले. मी उत्तर पाठवले: छान. बावन्नाचे एकोणपन्नास एका रात्रीत. इतक्या वेगाने पथ्य उतरवत नाही, उपास उतरवतो. कोणत्याही विद्यार्थ्याने हा आकडा माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला लगेच विचारले असते, पक्षी खातोय का.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसने मी नांदेडला परतले आणि दुपारी दवाखाना उघडला. कुलूप काढून आत जाते तोच मागे रिक्षा थांबली. गयाबाई एकट्या उतरल्या. पिंजऱ्यावर पदर धरलेला. चार वर्षांत त्या एकट्या कधी रिक्षात बसल्या नव्हत्या, हे मला पुढे कळले. वैशालीच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तिचा फोन बंद होता.

‘बाई,’ पिंजरा टेबलावर ठेवायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘म्या आज वाटीला हात लावला. आदी सांगून टाकते. मंग काय बोलायचं ते बोला.’

पाटील पिंजऱ्याच्या तळाशी बसले होते. पिसे फुगवून, डोळे अर्धे मिटून. गयाबाईंनी पदराखालून वाटी काढली आणि माझ्यापुढे धरली. वाटी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती.

‘फुका,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘वाटीत फुका म्हणते.’

मी फुंकर मारली. वाटीतले सगळे हवेत उडाले. टेबलावर, माझ्या चष्म्यावर, पदरावर पातळ, पिवळसर, वजन नसलेले काहीतरी तरंगत उतरले. वाटीच्या तळाशी राळ्याचे तीन-चार दाणे उरले होते.

‘फोलपटं हायती नुसती,’ गयाबाई म्हणाल्या. ‘आतला दाणा खाऊन वरलं साल तितंच टाकतंय ते. भरल्या वाटीपाशी उपाशी बसलंय बिचारं.’

बजरीगर दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत धरून, जिभेने फिरवून, सोलून खातो, आणि टरफल वाटीतच पडते. दोन दिवसांत वाटी टरफलांनी भरते आणि दिसते अगदी धान्यासारखी. सुपात पाखडण्यात जन्म गेलेल्या बाईला हे सांगावे लागत नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला सांगावे लागते, आणि ते सांगणे हे माझे काम होते. मी सांगितले नव्हते. वाटी रिकामी झाल्याशिवाय भरू नका, एवढेच सांगितले होते. आणि तिने ते इमानेइतबारे पाळले होते. मेथी आणि गाजर पक्ष्याने कधी पाहिलेले नव्हते, त्यामुळे ते अन्न आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. पहिले पंधरा दिवस हे निभावले, कारण वाटीत काय आहे याने काही फरक पडत नव्हता. पाटील गयाबाईंच्या कनवटीवर जगत होते. ती मी बंद केली. ज्या एका माणसाला वाटी पाहताच चूक कळली असती, त्यालाच वाटीपासून दूर ठेवले.

वजन पंचेचाळीस. चाळिशीकडे चालले म्हणून बरे, असे मानण्यासारखे ते नव्हते. लठ्ठ पक्षी उपाशी राहिला की अंगातली चरबी एकदम सुटून यकृतात भरते आणि त्यातच तो जातो. मी उबेसाठी दिवा लावला, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळली, पातळ पेज केली. पेज नळीने गळ्याखालच्या पिशवीत सोडायची असते. श्वासनळी शेजारीच असते, त्यामुळे धरणारे माणूस स्थिर हवे. मी मान वर केली. गयाबाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागे बांधून उभ्या होत्या.

‘मावशी, धरा याला.’

‘म्या?’

‘हो. मान अशी. छाती मोकळी.’

त्यांनी कोंबडीचे पिल्लू धरावे तसा तो धरला. मला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. मी तेवढ्या वेळात तीन गोष्टी ऐकल्याचे आठवते: पत्र्यावर चालणारी कबुतरे, गोदामात पडणारी पोती, आणि गयाबाईंचा श्वास, जो पेज आत जाईपर्यंत त्यांनी रोखून धरला आणि मग सोडला.

तासाभराने पाटील दांडीवर चढले. एक पाय अजून लटपटत होता. त्यांनी अंग झटकले.

‘मावशी, कनवटीला काय आहे?’ मी विचारले.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. गाठ सोडून त्यांनी दाणे टेबलावर ठेवले. ‘दिली न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘इमानानं सांगते. एक बी दिली न्हाई.’

‘द्या त्याला.’

त्यांनी हात मागे घेतला.

‘द्या म्हणते ना. आज त्याला जे ओळखीचं आहे तेच तो खाईल. आज हेच औषध.’

गयाबाईंनी एक दाणा तळहातावर घेऊन पिंजऱ्याच्या दारात धरला. बराच वेळ काही झाले नाही. मग पाटील कडेकडेने सरकत आले, मान तिरपी केली, दाणा उचलला. टच्. करडई फुटण्याचा तो आवाज त्या वेळी मला दवाखान्यातल्या कोणत्याही यंत्राच्या आवाजाहून जास्त भरवशाचा वाटला.

संध्याकाळी वैशाली धावतच आली. परीक्षेची कागदपत्रे काखेत तशीच. तिने पिंजरा पाहिला, वाटी पाहिली, टेबलावरची फोलपटे पाहिली आणि सगळे तिच्या लक्षात आले.

‘वाटी भरलेली होती हो मॅडम,’ ती म्हणाली. ‘मी रोज बघत होते. भरलेली होती.’

‘ती सूचना माझी होती,’ मी म्हटले. ‘चूक माझी आहे.’

‘शिकल्याली हाय लई,’ गयाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘पर पाखडाया न्हाई शिकली. शिकवते म्या.’ वैशालीला हसू आणि रडू एकदम आले.

त्या दिवसापासून आम्ही कामे नव्याने वाटली. वजन आणि नोंदी वैशालीकडे. वाटी गयाबाईंकडे. सकाळ-संध्याकाळ त्या वाटी हातावर घेऊन झेलत, फुंकत, खाली उरलेले धान्य पाहत आणि मगच भर घालत. करडई एकदम बंद केली नाही. रोज थोडी थोडी कमी करत महिन्याभरात थांबवली. बाजरीला मोड आणणे त्यांच्या हातचेच काम. उरली हिरवी भाजी. पक्षी थव्यातला जीव आहे. सोबत्याने खाल्ले तर तो खातो. म्हणून मी गयाबाईंना सांगितले, पिंजऱ्यापुढे बसून तुम्ही मेथी खा, चवीने, त्याला दिसेल अशी. आठवड्याने त्या तक्रार घेऊन आल्या. ‘बाई, बेजार झाले. कच्ची मेथी खाऊन खाऊन माझी शुगर उतरली, हे पाटील अजून बघूनच राहिलेत.’ बाराव्या दिवशी पाटलांनी एक पान ओढले, फाडले, टाकून दिले. पंधराव्या दिवशी गिळले. ही बातमी मला फोनवर इतक्या मोठ्याने सांगण्यात आली की समोर बसलेल्या माणसाचे कुत्रे उठून उभे राहिले.

पावसाळा सुरू होईपर्यंत वजन एक्केचाळीसवर आले आणि टिकले. गाठ भिजल्या हरभऱ्याची मसुरीएवढी झाली. पूर्ण गेली नाही. अशा गाठी बहुधा पूर्ण जात नाहीत, आणि काही पक्ष्यांत पथ्य पाळूनही वाढतच जातात, तेही मी पाहिले आहे. पण पाटील आता पडद्याच्या दांडीवरून कपाटावर आणि तिथून गयाबाईंच्या खांद्यावर उडत होते. माझा सूचनांचा कागद मी बदलला. त्यात आता पहिली ओळ आहे: वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारून पाहा. ही ओळ कोणाकडून आली, हे मी विचारणाऱ्यांना सांगते.

आषाढात त्या दोघी शेवटच्या तपासणीला आल्या. तपासणी झाली. वैशाली पुढे स्कूटर काढायला गेली. गयाबाई पिंजरा एका जुन्या ओढणीने झाकत होत्या. बाहेर बारीक पाऊस होता आणि ओल्या हळदीचा वास खोलीत आला होता. इतके दिवस एक प्रश्न मी टाळला होता. तो आता विचारला.

‘मावशी, हा उपाशी आहे हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं का हो? वाटी फुंकली तेव्हा?’

‘न्हाई. त्याच्या आदीच. दुसऱ्याच दिशी त्याचा आवाज बसला हुता. भुकेचा आवाज कळतोय की.’

‘दोन दिवस आधी?’

‘हाव.’

‘आणि करडई तर कनवटीलाच होती.’

‘हुती की.’

‘मग दिली का नाही? एक दाणा तरी. मरेल अशी भीती नाही वाटली?’

‘वाटली. लई वाटली. रात-रात झोप न्हाई लागली. पर दुसरं एक भेव त्याच्याहून मोठं हुतं.’

‘कशाचं?’

त्यांनी ओढणीचे टोक पिंजऱ्याखाली नीट खोचले, पिंजरा उचलला, आणि प्रथमच थेट माझ्या डोळ्यांत पाहिले.

‘तुमचं.’